रामरावांच्या हाजिरीतले मासे

रामराव ठवकरांनी महाराजपुरातला प्लॉट घेतला, तेव्हा लोक प्लॉट घेताना जे पाहतात त्यातलं काहीच पाहिलं नाही. पाणी किती खोल लागतं, नाली कुठून जाणार, पुढचा रस्ता रुंद होणार की नुसतीच बातमी आहे, हे सगळं अंजनीबाई दलालाला विचारत होत्या. रामराव प्लॉटच्या मधोमध, गाजरगवतात, हात मागे बांधून उभे होते आणि कान लावून होते. तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. फॅक्टरीचा भोंगा इतक्या लांबून थोडा बारीक होऊन आला, पण स्वच्छ आला. रामरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि दलालाला म्हणाले, "पक्का समझो."

रामराव संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत टाइम ऑफिसला होते. म्हणजे गाड्या, तोफा, गोळे यांतलं त्यांनी आयुष्यात काही बनवलं नाही. त्यांनी माणसं वेळेवर आत घेतली. भोंगा थांबला की गेट बंद. मग बाहेर सख्खा साला उभा असला तरी त्याचा अर्धा दिवस गेला. सख्खा साला एकदा खरोखरच उभा होता. अंजनीबाईंचे बंधू दिवाळीला वरुडहून फोन करतात तेव्हा अजूनही रामरावांना सोडून घरातल्या बाकी सगळ्यांची, अगदी तुळशीचीसुद्धा, विचारपूस करतात.

निवृत्त झाल्यावर भोंग्याने रामरावांना सोडलं नाही, आणि रामरावांनी भोंग्याला. सकाळच्या भोंग्याला आंघोळ झालेली, दुपारच्या भोंग्याला ताटावर बसलेले, सुटीच्या भोंग्याला पिशवी घेऊन भाजीला निघालेले. गल्लीतल्या बायका रामरावांची पिशवी दिसली की कुकर चढवायच्या. दूधवाल्याला उशीर झाला तर तो आधी सगळी गल्ली वाटून यायचा, रामरावांचं घर शेवटी घ्यायचा आणि गाडी चालूच ठेवून दूध घालायचा.

अशा माणसाच्या पोटी समिधा. पोरगी गुणी, वक्तशीर, बापासारखीच उंच. फक्त तिने विषय असा निवडला की बापाने मागच्या जन्मी कोणाचं तरी गेट चुकीचं बंद केलं असावं.

समिधा मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात पीएचडी करते. हे कळलं तेव्हा शेजारच्या बेबीताईंनी भिंतीवरून अंजनीबाईंना हळूच विचारलं, की पोरगी माशांचं करून राहिली म्हणजे घरात वास येत असेल नं. वास कसा येईल, अंजनीबाई म्हणाल्या, ती माशांचं गणित करते. ते ऐकून बेबीताई जास्तच काळजीत पडल्या.

गणित असं होतं. बरगीच्या धरणात दरवर्षी बोटुकली सोडतात, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. सोडणारे सोडून येतात, पण पुढे ती पिल्लं त्या समुद्रासारख्या पाण्यात कुठवर पसरतात, किती दिवसांत पसरतात, हे पाहायला पाण्याखाली कोण बसणार? म्हणून समिधाने कॉम्प्युटरमध्ये मासे केले होते. नुसते ठिपके. प्रत्येक ठिपका एक पाऊल टाकण्याआधी मनातल्या मनात नाणं उडवणार आणि जिकडे येईल तिकडे सरकणार. पुन्हा नाणं, पुन्हा पाऊल. असे हजारो ठिपके सोडले की ते एकेकटे कुठे जातील ते सांगता येत नाही, पण सगळे मिळून किती पसरतील ते मात्र छान सांगता येतं. याला रँडम वॉक म्हणतात, असं तिने जेवताना सांगितलं.

रामरावांचा घास हातात राहिला. समिधाने मग सोपं करून सांगितलं. "बाबा, अधारतालच्या चौकातली गाय पाहिली नं तुम्ही? ती या पावलाला भाजीच्या ठेल्याकडे, पुढच्या पावलाला रस्त्याच्या मधोमध. तिचं काही ठरलेलं नसते. तसाच मासा."

"गाय बी संध्याकाळी घरी जाते," रामराव म्हणाले.

"माशाला घर नसते, बाबा."

"म्हणूनच बिघडले," असं म्हणून रामरावांनी घास घेतला, आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

पण विषय अंगणात आला. ठिपक्यांचं गणित खरं की खोटं हे खऱ्या माशांवर ताडून पाहायचं होतं. कॉलेजातल्या टाक्यांची दुरुस्ती निघाली होती आणि ती सरकारी दुरुस्ती असल्यामुळे समिधाचं लग्न होऊन पोरं शाळेत जाईपर्यंत संपेल असं दिसत नव्हतं. तिचे गाइड नेमा सर म्हणाले, घर पे जगह है तो घर पे लगा लो, शांति भी रहेगी. रामरावांनी मागचं अंगण दिलं. चांगली बैठकीएवढी टाकी बसली, वर लोखंडी दांड्यावर कॅमेरा बसला, आणि बरगीहून रोहूची पिल्लं पिशव्यांतून आली. कॅमेरा वरून माशांचं चित्र काढणार, कॉम्प्युटर प्रत्येक माशाचा माग काढणार, आणि खरा मासा ठिपक्यासारखा हिंडला की समिधाची पीएचडी मार्गी लागणार.

समिधा दिवसभर कॉलेजात. खाणं टाकायचं काम रामरावांकडे आलं. जाताना तिने बजावून सांगितलं, कोंडा-ढेपेचे गोळे रोज वेगळ्या वेळी टाका, कधीही टाका, कुठंही टाका, ठरवून काही करू नका. रामरावांनी मान हलवली. पाहुणा दारात "चहा नको, चहा नको" म्हणतो तेव्हा आपण आत जाऊन आधण ठेवतोच. तसंच त्यांनी ते ऐकलं. बोलायची रीत असते. "कधीही" ही काही वेळ नाही. कधीही जेवायला मासे काय कोणाच्या दारचे कुत्रे आहेत?

तेव्हा सकाळच्या भोंग्याला नाश्ता, दुपारच्या भोंग्याला जेवण आणि सुटीच्या भोंग्याला थोडं खारं-मुरं, असं रामरावांनी लावून दिलं. जागाही एकच, पाइपाजवळचा कोपरा. कँटीन सगळीकडे पसरलेलं असलं की भांडणं होतात, हा त्यांचा अनुभव होता.

मासे शहाणे निघाले. थोड्याच दिवसांत असं झालं की भोंगा सुरू व्हायचा आणि अख्खी टाकी कोपऱ्याकडे वळायची. रामराव वाटी घेऊन ताठ उभे राहायचे, भोंगा थांबेपर्यंत थांबायचे, एक नजर फिरवायचे आणि मग टाकायचे. भोंगा थांबल्यावर जो आला त्याला नाही. शेपटीला खाच असलेला एक मासा हटकून उशिरा यायचा. त्याचं नाव त्यांनी कटनीवाला ठेवलं, कारण फॅक्टरीत कटनीहून पॅसेंजरने अपडाउन करणारा एक फिटर असाच रोज शेवटी धावत यायचा. पुढे कटनीवालाही सुधारला. त्या दिवशी रामराव अंजनीबाईंना म्हणाले की माणसापेक्षा मासा बरा, याला एकदाच सांगावं लागते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या वेळेवर येत होतं. पानात वाढलेलं त्यांना गोड लागायला लागलं.

इकडे समिधा रडकुंडीला आली. कॉम्प्युटरवर तिचे ठिपके गायीसारखे हिंडत होते आणि खरे मासे मधूनच कवायतीला निघाल्यासारखे एका कोपऱ्यात जात होते. तिने पंपाचा जोर तपासला, उन्हाची तिरीप तपासली, पाण्याची गरमी तपासली, कॅमेरा उलटा बसला असेल म्हणून सुलटा केला. रामराव प्रत्येक तपासणीत तिच्यासोबत होते, बॅटरी धरायला. बेबीताईंच्या कुकरची शिट्टी माशांना त्रास देत असेल, अशी शंका त्यांनीच काढली, आणि बेबीताईंना दोन दिवस उघड्या पातेल्यात वरण शिजवायला लावलं. एक गोष्ट मात्र समिधाला समजेना. रविवारी मासे अगदी गणितासारखे वागत. कसले रेंगाळत, कसे भरकटत. सोमवार उजाडला की पुन्हा कवायत.

"रविवारी यांना काय सुटी असते का?" ती वैतागून म्हणाली.

"असतेच नं," रामराव म्हणाले, आणि हे सहज म्हणाले.

कॉलेजला काही कारणाने दांडी पडली आणि एका मधल्या वारी दुपारी ती घरी होती, म्हणून उलगडा झाला. भोंगा वाजला. समिधा मागच्या दारात आली, तर मासे रांगेने कोपऱ्याकडे चाललेले आणि कोपऱ्यावर तीर्थरूप वाटी घेऊन उभे.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"हाजिरी घेऊन राहिलो," रामराव म्हणाले. "पाहून घे, एक बी गैरहजर नाही."

समिधा तिथेच टाकीच्या काठाला टेकून खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं रामराव नंतर म्हणाले. ती हळू आवाजात बोलली आणि तिने सगळं सांगितलं. नेमा सरांनी आधी दोनदा मुदत वाढवून दिली होती. आता ते होळीनंतर स्वतः घरी येऊन टाकी पाहणार होते, आणि मासे गणिताशी जुळले नाहीत तर विषय बदला असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. विषय बदलला म्हणजे गेली सगळी वर्षं पाण्यात. दुसरे मासे आणावेत तर नवी बोटुकली पावसाळ्याशिवाय मिळत नाही. हेच मासे होते, आणि हे मासे आता फॅक्टरीचे नोकर झाले होते.

रामरावांनी वाटी खाली ठेवली. चूक कळली की ती कबूल करून ताबडतोब दुरुस्तीला लागायचं, हीसुद्धा त्यांची शिस्तच. यांना विसरवायचं कसं, तेवढं सांग, ते म्हणाले.

विसरवायचा एकच मार्ग होता. खरोखरच कधीही, खरोखरच कुठेही खाणं टाकायचं. समिधाने त्यांच्या मोबाइलमध्ये सोय करून दिली: अधूनमधून घंटी वाजेल आणि टाकीच्या चित्रावर एक जागा लाल दिसेल, तिथे टाकायचं. पुढची घंटी कधी वाजणार, रामरावांनी विचारलं. ते कोणालाच माहीत नाही, ती म्हणाली, मलाही नाही. मग ठरवलं कोणी? कोणीच नाही. रामराव बराच वेळ त्या मोबाइलकडे असे पाहत राहिले, जसं काही पोरीने त्यांच्या हातात जिवंत विंचू ठेवला आहे.

पहिल्या दिवशी ते सकाळपासून वाटी भरून टाकीपाशी बसले. घंटी नाही. कंटाळून आंघोळीला गेले आणि अंगाला साबण लावला तेव्हा वाजली. रामराव पंचा गुंडाळून फेसासकट अंगणात धावले. भिंतीपलीकडे बेबीताई वाळवण घालत होत्या. दुपारपर्यंत हा फेस गल्लीच्या टोकापर्यंत पोचला आणि वाटेत पंचा गळून पडला होता. नंतर एकदा मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे माना खाली घालून मौन उभे असताना रामरावांच्या खिशात घंटी झाली आणि ते ताडकन निघून गेले. दिवंगतांच्या घरच्यांना वाटलं यांना भरून आलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन रामरावांचंच सांत्वन केलं.

पण रामराव जे करतात ते पुरतं करतात. त्यांच्या लक्षात आलं की नुसती घंटी बेभरवशाची असून भागत नाही. आपण वेळेवर उठतो, वेळेवर मागचं दार उघडतो, ते मासे पाहतात, त्यावरून वेळ ओळखतात. तेव्हा आपणच बिनभरवशाचं झालं पाहिजे. त्यांनी माळ्यावरून जुन्या लुडोचा फासा काढला. फासा सांगेल तेव्हा आंघोळ, फासा सांगेल तेव्हा जेवण. दाढी करायला बसले आणि मधेच फासा टाकला तर अर्धीच दाढी ठेवून उठले आणि तसेच बँकेत जाऊन आले.

गल्लीची घडी विस्कटली. पिशवी पाहून कुकर लावणाऱ्या बायकांच्या घरी भात कधी दुपारी चारला, कधी सकाळीच. एका सकाळी दूधवाला बरोबर वेळेवर आला, अभिमानाने आला, आणि दार बंद. रामराव झोपले होते. त्याने घंटी वाजवली, हाका मारल्या, मग पायरीवर बसला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारू लागला की बाबूजी ठीक तो हैं न. बेबीताईंनी निदान केलं की टाइम ऑफिसवाल्यांचं शेवटी असंच होते, आयुष्यभर दाबून ठेवलेलं एकदम वर येते. त्यांच्या नात्यात एक जण रेल्वेत सिग्नलला होते, तेही शेवटी शेवटी कुठंही थांबत.

अंजनीबाई मात्र शांत होत्या. एका दुपारी त्यांनी सवयीने विचारलं, "अहो, जेवायला कधी वाढू?"

"काय माहीत," रामराव म्हणाले.

लग्नापासून या प्रश्नाला हे उत्तर त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्या ताट झाकून ठेवून आत गेल्या आणि दुपारभर अशा गाढ झोपल्या की भोंगा झालेला त्यांना कळला नाही.

कळला नाही तो माशांनाही. होळीच्या आसपास एक दिवस भोंगा वाजला, वाजून थांबला, आणि टाकीत कोणी वळलं नाही. जो तो आपल्या नादात. रामराव मागच्या दारातून पाहत होते. त्यांनी समिधाला फोन करून आनंदाची बातमी दिली आणि मग जरा थांबून म्हणाले, "कटनीवाला बी नाही आला."

संध्याकाळी समिधाने कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. कोपऱ्याची कवायत गेली होती. पण आता माशांचा घोळका टाकीच्या कडेकडेने गोल फिरत होता, मधेच थांबत होता, मधेच उलटा फिरत होता. तिने चित्र पुन्हा पाहिलं आणि तिला काठावर, चित्राच्या अगदी कडेला, एक पांढरी बनियन दिसली. बनियन डावीकडे गेली की घोळका डावीकडे. बनियन थांबली की घोळका थांबायचा आणि सगळी तोंडं वर.

भोंगा विसरून मासे रामराव शिकले होते.

खात्री करायला तिने आईला काठावर उभं केलं. माशांनी अंजनीबाईंची दखलही घेतली नाही. घरात चालतं तसंच पाण्यात चाललं. बनियन आईच्या खांद्यावर टाकून पाहिली, तरी नाही. मग बेबीताईंना बोलावलं. बेबीताई काठावर वाकल्या आणि सगळे मासे एका झटक्यात पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटले. समिधाने त्यांना चहा देऊन परत पाठवलं. शेवटी रामराव आले, आणि टाकी त्यांच्याकडे सरकली.

सर येण्याच्या आदल्या दिवशी समिधाला बापाशी बोलणं भाग पडलं. ती म्हणाली, बाबा, उद्या सर येऊन राहिले, तेव्हा तुम्ही घरी नका राहू.

"काहून? मी काय केलं आता?"

"काहीच नाही केलं," समिधा म्हणाली. "तुम्ही दिसता, बाबा. तेवढंच पुरते त्यांना."

ग्वारीघाटावर जाऊन बसतो, नर्मदामाईचं दर्शन बी होईल, एवढंच रामराव म्हणाले. सकाळी धुतलेला सदरा घालून निघालेही. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, ऑटोवाल्याला हात करून पुन्हा नको म्हणाले, आणि मागच्या बोळातून येऊन बेबीताईंच्या अंगणात शिरले. पोरीचं नशीब ठरणार आणि बाप घाटावर नारळ फोडत बसणार, हे त्यांना जमलं नाही. बेबीताईंनी भिंतीला लागून पाट मांडला, चहा दिला, आणि स्वतः मासे बिचकू नयेत म्हणून वाकून, भिंतीवरून नुसते डोळे वर काढून हलक्या आवाजात सगळी बातमी पुरवायला लागल्या. भिंत कमरेएवढी. टाकी पलीकडून तिला जवळजवळ टेकलेली. रामराव मान खाली घालून पाटावर बसले.

नेमा सर उशिरा आले. किती उशिरा, हे बेबीताईंना रामरावांच्या श्वासावरून कळत होतं. एकदा ते उठायला लागले तेव्हा बेबीताईंनी खांदा दाबून त्यांना खाली बसवलं.

सर आले, पोहे खाल्ले, टाकी पाहिली. वरची जाळी समिधाने सकाळीच काढून ठेवली होती, चित्र स्वच्छ यावं म्हणून. मासे देखणे भरकटत होते. एक इकडे, एक तिकडे, कोणाला कोणाचं घेणंदेणं नाही. कॉम्प्युटरवर खऱ्या माशांची रेघ ठिपक्यांच्या रेघेला लागून चालली होती. सर हूं-हूं करत पाहत होते. समिधा आणि सर टाकीकडे पाठ करून स्क्रीनवर वाकले, आणि त्याच वेळी परियट नदीकडून उडत आलेला एक बगळा टाकीच्या काठावर येऊन उतरला.

बेबीताईंनी बातमी दिली. "भाऊजी, बगळा," त्या कुजबुजल्या. "मान लांब करून राहिला."

आता रामरावांनी काय करायचं? ओरडावं तर सर वळतील. गप्प राहावं तर बगळ्याच्या चोचीसमोर जो मासा आहे त्याच्या शेपटीला खाच आहे, हेही बेबीताईंनी सांगितलं होतं. त्या बाईंना नको तिथे बारीक दिसतं. रामराव उभे राहिले. नुसते उभे राहिले, ताठ, फॅक्टरीच्या गेटवर राहायचे तसे. पाण्यातून आभाळासमोर तो उंच देह दिसला, आणि टाकीतला एकूण एक मासा बगळ्याच्या पायांखालून निघून भिंतीकडे गेला. रांगेने गेला. बगळा रिकाम्या पाण्याकडे पाहत राहिला, आणि मग उडून गेला.

पंखांच्या आवाजाने सर वळले. त्यांनी मासे पाहिले. माशांची तोंडं जिकडे होती तिकडे पाहिलं. भिंतीपलीकडे धुतलेल्या सदऱ्यातला एक गृहस्थ, त्याच्या शेजारी कप हातात घेतलेली एक बाई.

"ये कौन हैं?" सरांनी विचारलं.

"माझे वडील," समिधा म्हणाली. घाबरून ती सरांशी मराठीत बोलली.

सर भिंतीपाशी आले. मग म्हणाले, "अंकल, ज़रा बाएँ चलिए." रामराव डावीकडे सरकले. मासे डावीकडे. "अब दाएँ." मासे उजवीकडे. सरांनी त्यांना बेबीताईंच्या अंगणात तुळशीपर्यंत, तिथून मोरीपर्यंत चालवलं, खाली बसवलं, पुन्हा उठवलं. बसले की मासे पांगत, उठले की जमत. गल्लीतली माणसं एव्हाना बेबीताईंच्या फाटकाशी आली होती, आणि ठवकरांना त्यांच्या पोरीचा साहेब उठाबशा काढायला लावतो आहे, ही बातमी पुढे निघालीही होती.

समिधाने मग सगळं सांगून टाकलं. भोंगा, कोपरा, हाजिरी, फासा, आणि आज बापाला घराबाहेर काढलं तेसुद्धा. सांगताना तिने मान वर केली नाही.

नेमा सरांनी चष्मा काढला, पुसला. रागावायचं की काय, हे त्यांचं ठरत नव्हतं. बरगीला घाटावर लोक रोज लाही टाकतात, ते म्हणाले, तिथेही मासे जमतात, म्हणजे धरणातही कोणी ना कोणी अंकल आहेतच. ते मासे नाणं उडवतात, पण नाणं थोडं घाटाकडे वाकलेलं असतं. "इनको छुपा क्यों रही हो? मॉडल में डालो." मग आवाज कडक करून म्हणाले की लपवल्याबद्दल आजची भेट धरली जाणार नाही, आणि ही ओढ नीट मोजून, आकडा काढून, सेमिनारला सगळ्यांसमोर मांडली तरच विषय राहील. "और अंकल रोज़ लगेंगे."

रामराव भिंतीवरून म्हणाले, "हाजिर रहेंगे."

मग मोजणी सुरू झाली. समिधाने अंगणात खडूच्या खुणा केल्या, टाकीपासून जवळ, लांब, आणखी लांब. प्रत्येक खुणेवर रामरावांनी उभं राहायचं, खोकायचं नाही, आणि मासे किती ओढले जातात ते कॅमेऱ्याने टिपायचं. त्या ओढीला समीकरणात एक अक्षर मिळालं. रामरावांना ते अक्षर दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, आपली किंमत पक्की आहे नं, रोज बदलत तर नाही? समिधा म्हणाली, रोज नाही, पण अंतराने बदलते. तुम्ही लांब गेले की कमी होते.

"माझ्या हिशेबात उलटं आहे," अंजनीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

तुलनेसाठी अनोळखी माणूसही लागत होता, ओढ शून्य असलेला. अंजनीबाई शून्य निघाल्या आणि त्यांनी ते हसून घेतलं. बेबीताईंची किंमत उणे निघाली. ते सांगितल्यावर त्या बरेच दिवस भिंतीपाशी फिरकल्या नाहीत, आणि गल्लीत सांगत राहिल्या की कॉलेजवाल्यांच्या मशीनला काही समजत नाही.

सेमिनारला कॉलेजचा हॉल भरला होता. रामराव मागच्या रांगेत बसले. समिधा बोलली, ठिपके हिंडले, खरे मासे हिंडले, मग समीकरण आलं, आणि त्यात ते अक्षर. बाहेरून आलेले एक वयस्कर परीक्षक पुढे वाकले आणि म्हणाले की बाकी सब ठीक है, पण शास्त्राच्या दृष्टीने एक प्रयोग राहिला आहे. अंकल को महीने भर के लिए पूरी तरह हटा दें, तो क्या होगा?

समिधाने नेमा सरांकडे पाहिलं. नेमा सर कागदांत पाहू लागले. पूर्ण हटवून पाहिलेलं नव्हतं, आणि एवढ्यावरून सगळं अडलं असतं.

मागच्या रांगेत रामराव उभे राहिले होते.

"हटाएँगे कैसे?" त्यांनी शांतपणे विचारलं. "घर मेरा है."

परीक्षकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवून त्यांनी पुढच्या पानाकडे चला असं समिधाला खुणावलं. समिधाच्या प्रबंधात शेवटी मर्यादांचं एक पान आहे. पाण्याची गरमी कमी-जास्त होणं, कॅमेऱ्याची नजर, टाकीचा आकार, अशा मर्यादांनंतर तिथे छापलं आहे की वडिलांना हटवणं व्यवहारात शक्य झालं नाही. त्याखाली नेमा सरांची सही आहे.